मराठी पान तपासायचं कशानं? एचटीएमएल व्हॅलिडेटरांचा धाराशिवच्या अंगानं आढावा

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारनं उस्मानाबाद शहराच्या 'धाराशिव' या नावाला मंजुरी दिली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिल्हा आणि तालुक्याच्या नावाच्या अधिसूचना निघाल्या आणि ८ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. पाट्या रंगवून झाल्या, शिक्के नवे आले. वेबपानांचं काम मात्र इतकं सरळ नसतं. पाटीवर नाव एकाच जागी असतं. वेबपानात ते टायटलमध्ये असतं, मथळ्यात असतं, चित्राच्या पर्यायी मजकुरात असतं, लिंकच्या पत्त्यात असतं, शोधयंत्रासाठी लिहिलेल्या वर्णनात असतं आणि मेनूच्या एखाद्या आयडीतही दडलेलं असतं. 'फाइंड अँड रिप्लेस' चालवलं की डोळ्यांना दिसणारं नाव बदलतं. पण त्याच झटक्यात चित्राच्या फाइलचं नावही बदललं तर चित्र गायब होतं, आणि आयडी बदलून त्याकडे येणारी लिंक तशीच राहिली तर मेनूवर टिचकी मारूनही पान जागचं हलत नाही.

जिल्ह्यातल्या शाळा, महाविद्यालयं, बाजार समित्या, पतसंस्था, साखर कारखाने आणि स्थानिक बातम्या देणारे, या सगळ्यांना गेल्या दोन-तीन वर्षांत हे करावं लागलं आहे. पान एकानं बनवलेलं, दुसऱ्यानं वाढवलेलं आणि तिसऱ्यानं घाईत नाव बदललेलं. अशा पानाची रचना अजून धड आहे की नाही, हे सांगणारं साधन म्हणजे व्हॅलिडेटर. ही साधनं फुकट मिळतात आणि अर्ध्या तासात बसवता येतात. तरीही मराठी पानं बनवणारे फारच थोडे लोक ती वापरतात. कोणती घ्यावीत, कशी बसवावीत आणि मराठीच्या बाबतीत त्यांची नजर कुठे कमी पडते, याचा हा आढावा आहे.

जिल्ह्यात एचटीएमएल लिहिणाऱ्या हातांची कमतरता नाही, हे आधी सांगायला हवं. बारावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात एचटीएमएल ५ आहे, आयटीआयच्या कोपा ट्रेडमध्ये वेबपान करायला शिकवतात आणि पॉलिटेक्निकच्या संगणक शाखेतही ते येतं. भूम, परंडा, उमरगा, कळंब, कुठल्याही तालुक्यातली पोरं टेबल आणि फॉर्म लिहून दाखवू शकतात. पण पान ब्राउझरमध्ये उघडलं, हवं ते दिसलं, की काम झालं असं धरलं जातं. अडचण नेमकी इथे आहे, कारण ब्राउझर चुका दाखवत नाही, पोटात घालतो.

ब्राउझर असं का करतो, हे समजून घेण्यासारखं आहे. सुरुवातीच्या काळात प्रत्येक ब्राउझर चुकीच्या टॅगचा अर्थ आपापल्या परीनं लावायचा आणि एकच पान दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसायचं. एचटीएमएल ५ घडवताना ठरलं की चुकीचं एचटीएमएल आलं तर काय करायचं तेही प्रमाणात लिहून ठेवायचं. त्यामुळे आज सगळे ब्राउझर एकाच पद्धतीनं चूक सावरतात. पण सावरलेली रचना लिहिणाऱ्याच्या मनातली असेलच असं नाही. परीक्षेच्या वेळापत्रकाचं टेबल घ्या. दोन ओळींच्या मध्ये 'पेपर अर्धा तास आधी सुरू होईल' ही सूचना सेल न उघडताच टाकली, तर नियमाप्रमाणे ब्राउझर ती उचलून टेबलाच्या वर नेऊन ठेवतो. सूचना कोणत्या पेपरची होती ते मग वाचणाऱ्याला कळत नाही. शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये विद्यार्थ्याचं नाव आणि पालकाचं नाव या दोन रकान्यांना एकच आयडी दिला, तर 'पालकाचं नाव' या शब्दांवर टिचकी मारली तरी कर्सर विद्यार्थ्याच्या रकान्यात जातो. पाहणाऱ्याला दोन्ही पानं ठीकठाक दिसतात. व्हॅलिडेटरला दोन्ही चुका एका क्षणात सापडतात.

साधनांची वंशावळ

जुना व्हॅलिडेटर १९९०च्या दशकात कॅनडातल्या जेराल्ड ऑस्कोबॉइनी यांनी बांधला आणि पुढे तो डब्ल्यूथ्रीसी या प्रमाण-संस्थेनं चालवायला घेतला. एचटीएमएल तेव्हा एसजीएमएल या कुटुंबातलं मानलं जाई. प्रत्येक आवृत्तीचं औपचारिक व्याकरण, म्हणजे डीटीडी, प्रसिद्ध केलेलं असे. पानाच्या पहिल्या ओळीतला डॉकटाइप पाहायचा, ते व्याकरण उघडायचं आणि ओळीमागून ओळ ताडून पाहायची, अशी त्याची रीत होती. डिसेंबर १९९९ मधल्या एचटीएमएल ४.०१ आणि जानेवारी २००० मधल्या एक्सएचटीएमएल १.० या दोन्हींना ती पुरली. पानाच्या तळाशी 'वैध एक्सएचटीएमएल'चा छोटा बिल्ला लावणं त्या पिढीत अभिमानाचं होतं.

१९९०च्याच दशकात डेव्ह रॅगेट यांनी टायडी लिहिलं. टायडी नुसतं तपासत नाही, दुरुस्तही करतं. उघडे राहिलेले टॅग बंद करतं, उलटसुलट गुंतलेले सोडवतं, वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरातला कचरा काढतं. आज ते टायडी-एचटीएमएल५ या नावानं सांभाळलं जातं.

एचटीएमएल ५ आलं आणि डीटीडीची रीत मोडली. नव्या प्रमाणातले कितीतरी नियम त्या व्याकरणात मांडताच येत नव्हते. फिनलंडच्या हेन्री सिवोनेन यांनी २००७ मध्ये आपल्या प्रबंधासाठी एचटीएमएल ५ चा नवा तपासनीस बांधला. आजचा नू एचटीएमएल चेकर त्याचाच वारस आहे. पुढे मायकेल स्मिथ यांनी तो वर्षानुवर्षं निष्ठेनं सांभाळला. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल ५ अधिकृत शिफारस झालं आणि मे २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीनं करार करून एचटीएमएलचं प्रमाण ठरवण्याची जबाबदारी ब्राउझर बनवणाऱ्यांच्या व्हॉटडब्ल्यूजी या गटाकडे सोपवली. तेव्हापासून प्रमाणाला आवृत्ती क्रमांक राहिला नाही, ते सतत बदलत राहतं. साधन निवडताना हे विसरून चालत नाही. पाच वर्षांपूर्वी उतरवून ठेवलेला व्हॅलिडेटर पाच वर्षांपूर्वीचं एचटीएमएल तपासतो.

मराठी लेखनाला या बदलाची प्रत्यक्ष झळ बसली ती विकिपीडियावर. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि त्याच्यामागचं मीडियाविकी हे सॉफ्टवेअर संपादकांच्या चुका बरीच वर्षं टायडीकडून गुपचूप दुरुस्त करून घेत होतं. २०१८ मध्ये विकिमीडियानं सगळ्या विकींवरून टायडी काढलं आणि एचटीएमएल ५ च्या नियमांनी चालणारा रेमेक्स हा पार्सर बसवला. जुन्या चुका त्यामुळे उघड्या पडल्या. बंद न केलेला 'स्मॉल' टॅग पुढचा सगळा मजकूर बारीक करू लागला, रंगाचे टॅग लिंकवर चालेनासे झाले. त्याआधीच विशेष पानांत 'लिंट' चुकांची यादी दिसू लागली होती आणि स्वयंसेवकांनी साचे एकेक करून नीट केले. गावाबद्दल किंवा तालुक्याबद्दल एखादा परिच्छेद लिहिणाऱ्यानं ती यादी एकदा जरूर पाहावी. व्हॅलिडेटर कशासाठी असतो ते तिथे आपल्याच भाषेतल्या पानांवर दिसतं.

कोणतं घ्यावं

माझं मत स्पष्ट आहे. पाया म्हणून नू चेकर घ्यावा आणि तो आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा. बाकीची साधनं त्याच्या जोडीला ठेवावीत.

नू चेकर डब्ल्यूथ्रीसीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन उपलब्ध आहे. एखादं प्रसिद्ध झालेलं पान चटकन पाहायला तो पुरतो. पत्ता द्या, फाइल चढवा किंवा मजकूर चिकटवा. पण रोजच्या कामाला ऑनलाइन वाट दोन कारणांनी गैरसोयीची आहे. एक तर जिल्ह्यात नेट सगळीकडे सारखं चालत नाही. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. कार्यालयातल्या कित्येक पानांत लाभार्थ्यांची नावं, खात्यांचे तपशील, विद्यार्थ्यांचे क्रमांक असतात. असं अप्रकाशित पान तपासणीसाठी बाहेरच्या सर्व्हरवर चढवणं योग्य नाही. तेच काम आपल्या खोलीतला संगणक करू शकतो, तर माहिती उंबऱ्याबाहेर नेण्याचं कारणच उरत नाही.

टायडी तपासनीस म्हणून दुय्यम आहे, पण झाडलोटीला त्याच्यासारखं दुसरं नाही. वर्डमध्ये टाइप केलेलं परिपत्रक जसंच्या तसं पानात चिकटवलं जातं, तेव्हा प्रत्येक ओळीमागे डझनभर निरुपयोगी स्टाइल येतात. टायडीत खास वर्डसाठीचा पर्याय आहे. सावधगिरी दोन बाबतींत हवी. 'मॉडिफाय'चा पर्याय मूळ फाइलच बदलतो, म्हणून आधी प्रत काढून ठेवावी. आणि जुन्या आवृत्त्या फाइल यूटीएफ-८ आहे असं स्वतःहून धरत नसत, त्यामुळे तो पर्याय न दिल्यास देवनागरीची पार वाट लागते. पाचव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हाच मूळ पर्याय आहे. एखाद्या लॅबमध्ये जुनं टायडी असेल तर आवृत्ती पाहिल्याशिवाय त्याला मराठी फाइल देऊ नये.

जे लोक व्हीएस कोडमध्ये लिहितात त्यांना एचटीएमएल-हिंट किंवा एचटीएमएल-व्हॅलिडेट ही नोडवर चालणारी साधनं सोयीची पडतात. टाइप करतानाच चुकीखाली लाल रेघ येते. त्यांचे नियम आपल्याला कमीजास्त करता येतात आणि एचटीएमएल-व्हॅलिडेटमध्ये स्वतःचे नियम लिहून जोडताही येतात. या गोष्टीचा उपयोग पुढे येतो.

ॲक्स, वेव्ह आणि क्रोममधलं लाइटहाउस ही वेगळ्या जातीची साधनं आहेत. ती पान अपंग वाचकाला वापरता येतं का ते पाहतात, म्हणजे रंगातला फरक पुरेसा आहे का, रकान्याला लेबल आहे का, मथळ्यांचा क्रम लागतो का. शिवाय ती ब्राउझरमध्ये चालत असल्यामुळे जावास्क्रिप्टनं नंतर उभा केलेला भागही त्यांना दिसतो. नू चेकर सर्व्हरवरून आलेला मूळ मजकूरच वाचतो. स्क्रिप्टनं उभ्या राहणाऱ्या पानाला तो पास म्हणाला, तर त्याचा अर्थ एवढाच की रिकामा सांगाडा बरोबर आहे.

बसवताना

विंडोजवर सर्वांत सोपी वाट म्हणजे नू चेकर प्रकल्पाच्या प्रकाशनांतून विंडोजसाठीची झिप उतरवणं. तिच्यात लागणारी जावा सोबतच येते, वेगळी बसवावी लागत नाही. झिप मोकळी करायची आणि आतल्या बिन फोल्डरमधली व्हीएनयू ही फाइल कमांड विंडोतून चालवायची, पुढे आपल्या फोल्डरचं नाव द्यायचं. प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही, म्हणून शाळेच्या किंवा कार्यालयाच्या बंदिस्त संगणकावरही हे जमतं. पेन ड्राइव्हवर नेऊन दहा संगणकांवर ठेवता येतं.

संगणकावर जावा आधीपासून असेल, किंवा उबुंटू असेल, तर व्हीएनयू डॉट जार ही एकच फाइल पुरते. जावाला डॅश-जारनं ती सांगायची, मग 'स्किप-नॉन-एचटीएमएल' हा पर्याय, मग फोल्डर. फोल्डरमधल्या पीडीएफ आणि चित्रं सोडून तो फक्त पानं तपासतो. पहिल्या दिवशी 'एरर्स-ओन्ली' हा पर्यायही द्यावा. वर्डप्रेसच्या थीममधून आलेल्या पानावर एरवी तिरक्या रेघांबद्दलच्या सूचनांचा ढीग पडतो. त्या सूचना चूक नसतात, पण खरी चूक त्यांच्याखाली झाकली जाते.

इथे एक खाचखळगा आहे आणि तो नेमका मराठी फाइलींवर लागतो. जुन्या काळ्या कमांड विंडोत देवनागरी नीट उमटत नाही. अहवालात चुकीच्या ओळीचा मजकूर येतो आणि त्या जागी चौकोन दिसतात, त्यामुळे नवशिक्याला वाटतं की फाइलच बिघडली. अहवाल फाइलमध्ये घ्यावा म्हणून नेहमीचा बाण लावला तर फाइल रिकामी निघते, कारण हे साधन चुका नेहमीच्या वाटेनं न पाठवता एररच्या वाटेनं पाठवतं. बाणाच्या आधी दोनचा आकडा लावला, किंवा 'एसटीडी-आउट' हा पर्याय दिला, की अहवाल फाइलमध्ये उतरतो. मग ती नोटपॅडमध्ये उघडायची, मराठी व्यवस्थित दिसतं.

लॅबसाठी यापेक्षाही चांगली सोय आहे. तीच जार फाइल सर्व्हर म्हणूनही चालते. एका संगणकावर ती ८८८८ या पोर्टवर सुरू ठेवायची. मूळ मांडणीत ती त्या संगणकाच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकत असते, म्हणून लॅबमधल्या बाकी संगणकांवरून ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा आयपी आणि पोर्ट टाकला की ऑनलाइन चेकरसारखंच पान उघडतं. इंटरनेट लागत नाही आणि प्रत्येक संगणकावर काही बसवावंही लागत नाही. फायरवॉलमध्ये तेवढं पोर्ट फक्त लॅबच्या जाळ्यापुरतं मोकळं करावं लागतं. ज्या शाळेत वीस संगणक आहेत आणि नेटचा एकच डोंगल आहे, तिथे मला यापेक्षा उपयोगी मांडणी ठाऊक नाही.

पहिला अहवाल पाहून घाबरायला होतं. दोनशे चुका दिसतात, पण बहुतेकदा त्यातल्या दीडशे वरच्या एका न बंद केलेल्या टॅगमुळे आलेल्या असतात. वरून पहिली चूक दुरुस्त करायची, पुन्हा चालवायचं. यादी भराभर आटते.

मराठीच्या बाबतीत काय दिसतं, काय निसटतं

सगळ्यांत आधी भाषेची खूण. एचटीएमएलच्या मुख्य टॅगमध्ये 'लँग' हा गुणधर्म असतो आणि मराठीसाठी त्याची किंमत 'एमआर' आहे. पुष्कळ मराठी पानांत तिथे 'ईएन' असतं, कारण इंग्रजी साचा उतरवून घेतलेला असतो. कुणी 'मराठी' हा पूर्ण शब्द रोमन अक्षरांत लिहितं, कुणी 'एमएआर' लिहितं. नू चेकर भाषांची अधिकृत नोंदवही पाहतो, म्हणून या दोन्हींना चूक म्हणतो. त्याहून पुढे जाऊन तो पानातला मजकूर वाचून भाषेचा अंदाज बांधतो आणि लिहिलेली खूण जुळत नसेल तर इशारा देतो. ॲक्स किंवा लाइटहाउस फक्त खूण आहे का आणि तिचा कोड खरा आहे का एवढंच पाहतात. मराठी पानावर 'ईएन' असेल तरी ती समाधानी राहतात. नू चेकरला पहिला मान देण्याचं माझं मुख्य कारण हेच.

ही खूण बरोबर असण्याचा फायदा थेट कानाला आणि डोळ्याला होतो. एनव्हीडीए हे अंध वाचकांचं मोफत साधन पानाची भाषा पाहून आवाज बदलतं आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आहे. खूण इंग्रजीची असेल तर इंग्रजी आवाज देवनागरीशी झटापट करतो आणि ऐकणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. डोळ्याची गोष्ट अशी की मराठी आणि हिंदी वळणांत 'ल' आणि 'श' वेगळे आहेत. देठाचा श आणि पाकळीचा ल वापरावा, असं राज्य शासनानं नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही सांगितलं आहे. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात आणि कोणतं दाखवायचं ते ब्राउझर याच खुणेवरून ठरवतो. 'एमआर' लिहिलं की 'धाराशिव', 'वाशी' आणि 'लोहारा' मराठी वळणानं उमटतात. 'एचआय' असेल किंवा काहीच नसेल, तर हिंदी वळणानं. जिल्ह्याच्या नावातलं अक्षर कोणत्या वळणाचं दिसावं, हे त्या दोन रोमन अक्षरांवर अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट अधिक खोलातली आहे. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द आपल्या जिल्ह्यातल्या पानांवर जितका येतो तितका क्वचितच दुसरा येत असेल. त्यातला आडवा रफार संगणकात तीन तऱ्हांनी साठवला जातो. पहिली तऱ्हा: एकसंध ऱ, मग हलंत, मग य. दुसरी: साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलंत, मग य. तिसरी: साधा र, हलंत, मग न दिसणारा जोडक, ज्याला शून्य-रुंदी जोडक म्हणतात, आणि मग य. जुन्या कीबोर्डांनी आणि टंकन-साधनांनी ही तिसरी तऱ्हा भरपूर पसरवली. पडद्यावर तिन्ही शब्द एकसारखे. पण नेमकी अक्षरं जुळवणाऱ्या शोधात, डेटाबेसात, एक्सेलच्या सूत्रात ते तीन वेगळे शब्द ठरतात. पीक विम्याच्या यादीत 'शेतकऱ्यांसाठी' शोधलं आणि निम्म्या नोंदी आल्याच नाहीत, तर त्याचं मूळ इथे असू शकतं.

यूनिकोडचा एनएफसी नावाचा नियम पहिल्या दोन तऱ्हा एक करतो आणि नू चेकर त्या नियमाला धरून इशारा देतो. पानात र आणि नुक्ता सुटे असतील तर 'मजकूर एनएफसी रूपात नाही' असं सांगतो. तिसऱ्या तऱ्हेबद्दल तो काहीच बोलत नाही, कारण यूनिकोडच्या दृष्टीनं तेही वैध लेखन आहे. हा व्हॅलिडेटरचा दोष म्हणता येणार नाही. पण मराठीत काम करणाऱ्यानं हे ठाऊक ठेवलंच पाहिजे, कारण शून्य चुकांचा अहवाल पाहून आपण निश्चिंत होतो आणि घोटाळा तसाच राहतो.

तिसरी गोष्ट जुन्या फाँटांची. श्रीलिपी, कृतीदेव आणि त्यांच्या भावंडांत टाइप केलेला मजकूर हा संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांचा गोंधळ असतो, फक्त फाँटमुळे तो मराठी दिसतो. असं पान व्हॅलिडेटरसमोर ठेवलं तर तो फार तर 'फाँट टॅग कालबाह्य आहे' म्हणेल. मजकूर वाचण्याजोगा नाही, हे त्याला कळणं शक्य नाही. तसंच नोटपॅडच्या प्रश्नचिन्हांचं. मे २०१९ च्या विंडोज अपडेटच्या आधी नोटपॅड फाइल एएनएसआयमध्ये साठवायचं आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं भरायचं. प्रश्नचिन्ह हे निखालस वैध अक्षर आहे. अख्खी सूचना प्रश्नचिन्हांची असली तरी चेकर ती पास करतो. जुने संगणक अजून वापरात असलेल्या शाळांनी फाइल साठवताना यूटीएफ-८ निवडलं आहे ना, हे डोळ्यांनीच पाहावं.

जिथे चेकर नेमकं बोट ठेवतो अशाही दोन मराठी सवयी आहेत. एक, फाइलींची नावं. 'निविदा सूचना मार्च' अशा नावाची पीडीएफ लिंकमध्ये तशीच टाकली की चेकर पत्त्यातल्या मोकळ्या जागेवर चूक दाखवतो. देवनागरी नावाला त्याची हरकत नाही. मोकळी जागा मात्र एखाद्या सॉफ्टवेअरनं तोडली की लिंक अर्ध्यात संपते आणि निविदा उघडत नाही. जोडरेघ वापरली की प्रश्न मिटतो. दुसरी सवय सरकत्या मजकुराची. प्रवेशाची अंतिम तारीख डावीकडे धावत असते आणि वाचणारा तिच्यामागे. मार्की हा टॅग कालबाह्य आहे, चेकर त्याला थेट चूक म्हणतो, आणि ज्याची नजर कमजोर आहे किंवा जो हळू वाचतो त्याला ती तारीख खरोखरच वाचता येत नाही. मार्की काढून तीच ओळ ठळक अक्षरांत स्थिर ठेवावी.

कार्यालयांची बाजू

जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाचा साचा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एस-थ्री-वास या सामाईक व्यवस्थेतून येतो. तिथे मूळ मार्कअप केंद्रात ठरतो, त्यामुळे स्थानिक कर्मचाऱ्यानं त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात असतं ते साच्यात भरलेलं: चिकटवलेला मजकूर, टेबलं, चित्रांचे पर्यायी शब्द, जोडलेल्या फाइली. तपासणी तेवढ्यावर करावी.

सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे आणि ती डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या निकषांच्या २.१ आवृत्तीची एए पातळी मागते. इथे एक गुंता आहे. डब्ल्यूसीएजीमध्ये पूर्वी 'पार्सिंग' नावाची अट होती, म्हणजे टॅग पुरे असावेत, आयडी दोनदा येऊ नये. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीतून ती काढून टाकली, कारण ब्राउझर आता चुका सारख्याच पद्धतीनं सावरतात. यावरून काही जण म्हणतात की व्हॅलिडेटरची गरजच संपली. मला हे पटत नाही. शिष्यवृत्तीच्या फॉर्ममधला तो दुहेरी आयडी आजही अंध विद्यार्थ्याला चुकीच्या रकान्यात नेतो आणि लेबलविषयीच्या दुसऱ्या अटीखाली तो आजही चूकच आहे. अट गेली, पण चूक शोधण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग तोच राहिला.

कायद्याचा रोखही स्पष्ट होत चालला आहे. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी राहू शकत नाहीत, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. तालुक्याच्या गावातला फॉर्मही या निकालांच्या कक्षेबाहेर नाही.

साधनांच्या बाजूनं उरतं ते तिसऱ्या तऱ्हेच्या, म्हणजे न दिसणाऱ्या जोडकाच्या रफाराचं. माझ्या माहितीतल्या कोणत्याही साधनात त्याचा तयार नियम नाही. एचटीएमएल-व्हॅलिडेटमध्ये स्वतःचा नियम जोडता येतो, असं वर म्हटलं. पॉलिटेक्निकच्या किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला हा विषय पुरेसा आहे: मजकुरात र, हलंत आणि जोडक असा क्रम आला की ओळ क्रमांकासह दाखवणं, लँग 'एमआर' नसलेलं देवनागरी पान पकडणं, सलग पाचाहून अधिक प्रश्नचिन्हं दिसली तर इशारा देणं, जुन्या फाँटांच्या नावांची यादी ठेवणं, आणि पानात 'उस्मानाबाद' व 'धाराशिव' दोन्ही आले असतील तर दोन्ही जागा समोरासमोर मांडणं, म्हणजे ऐतिहासिक उल्लेख कोणता आणि बदलायचा राहिलेला कोणता ते माणसाला ठरवता येईल. संदेश मराठीत लिहावेत. नू चेकरचे सगळे संदेश इंग्रजीत येतात. त्यातले नेहमीचे दहा-बारा, जसे 'शेवटचा टॅग आहे पण सुरुवातीचा सापडत नाही', 'हा आयडी आधी वापरला आहे', 'चित्राला पर्यायी मजकूर नाही', मराठीत छापून लॅबच्या भिंतीवर लावले, तर बारावीच्या मुलांना पहिल्या तासापासून अहवाल वाचता येईल.